क्रिस्टल रिव्हरची भिंत: एका दुरुस्तीचं प्रकरण

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा शहरापासून उत्तरेला साधारण १३० किलोमीटरवर, क्रिस्टल रिव्हर नावाचं वीज संकुल आहे. कोळशाच्या संचांशेजारी तिथे एक अणुसंचही होता, युनिट ३. क्षमता सुमारे ८६० मेगावॉट, व्यापारी वीजनिर्मिती मार्च १९७७ पासून. २६ सप्टेंबर २००९ रोजी इंधन बदलण्यासाठी हा संच बंद केला आणि तो पुन्हा कधीच सुरू झाला नाही. भट्टीत बिघाड नव्हता, वादळ आलं नव्हतं, किरणोत्सर्ग बाहेर पडला नव्हता. आतले जुने स्टीम जनरेटर, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणारी अवजड यंत्रं, काढून नवे बसवायचे होते, त्यासाठी कंटेनमेंटच्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या संरक्षक इमारतीच्या, भिंतीत एक चौकोनी भोक पाडायला घेतलं होतं. त्या कामात भिंत आतल्या आत दोन थरांत सुटली.

कंटेनमेंटची जीर्णता हा विषय निघाला की चर्चा ठरावीक वाटेने जाते: सळयांचा गंज, समुद्रकाठचं क्लोराइड, कार्बोनेशन (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरणं), खडीतल्या सिलिकाची सिमेंटमधल्या अल्कलीशी होणारी अभिक्रिया. हे सगळं खरंच घडतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवावंच लागतं. क्रिस्टल रिव्हरमध्ये मात्र यातलं काहीच मुख्य आरोपी नव्हतं. पंचविशी-तिशीत त्या काँक्रीटची वाट लागली होती असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. भिंतीत जन्मापासूनची एक उणीव होती. संच चालू असताना तिचा कुणाला त्रास झाला नाही. भिंत उघडायला गेले, तेव्हा झाला. या प्रकरणातून एवढीच एक गोष्ट घ्यायची तर मी ही घेईन: जुन्या कंटेनमेंटच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस तिचा चाळिसावा वाढदिवस नसतो, दुरुस्तीवाले आत शिरतात तो असतो. आणि आपल्या देखरेखीच्या कार्यक्रमांत त्या दिवसाला फारशी जागा नसते.

भिंत नेमकी कशी होती

भिंत ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर जाड. आतला व्यास १३० फूट, जवळपास ४० मीटर. आतून साडेनऊ मिलिमीटरचं पोलादी अस्तर. हवा आणि वाफ कोंडून ठेवायचं काम अस्तराचं, दाब झेलायचं काम काँक्रीटचं. बाहेरून सहा उभे बट्रेस, म्हणजे जाड खांबासारखे उंचवटे, आणि दोन बट्रेसमधल्या पट्ट्याला 'बे' म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या बट्रेसमधला तो बे ३४, पाचव्या-सहाव्यामधला बे ५६.

काँक्रीट दाबाला पक्कं आणि ओढीला कच्चं असतं. आत अपघात होऊन वाफेचा दाब वाढला तर भिंत बाहेर फुगू पाहणार, म्हणजे काँक्रीट ताणलं जाणार. म्हणून तिला आधीच आवळून ठेवतात. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, ती थंड होताना सगळ्या पाट्या एकमेकींवर आवळते, तसंच. इथे धावेचं काम टेंडन करतात. क्रिस्टल रिव्हरच्या भिंतीत २८२ आडवे आणि १४४ उभे टेंडन होते, घुमटाचे वेगळे. प्रत्येक टेंडन म्हणजे ७ मिलिमीटरच्या १६३ तारांची जुडी, आणि प्रत्येकाला जॅक लावून ७०० टनांहून जास्त ओढ दिलेली. आडवा टेंडन परिघाचा एक तृतीयांश भाग वळसा घालून जातो आणि दोन्ही टोकांना बट्रेसवर अँकर होतो. तारा ग्रीसमध्ये बुडवलेल्या, नळीत मोकळ्या. सिमेंटने जाम केलेल्या नाहीत.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण पुढच्या दोन परिच्छेदांत आहे.

आडवे टेंडन भिंतीच्या मधोमध नव्हते. बाहेरच्या पृष्ठापासून साधारण दहा इंच आत, एकावर एक, एकाच गोल पातळीत ते बसवले होते. वाकडी ताणलेली तार केंद्राकडे दाबते, म्हणून टेंडनच्या आतल्या बाजूचं काँक्रीट आत दाबलं जातं आणि घट्ट बसतं. बाहेरच्या दहा इंचांचं काय? परिघाच्या दिशेने तेही आवळलेलं असतं, आणि गोल वळलेला आवळलेला थर बाहेर उसळू पाहतो. त्याला जागेवर धरायला आतून कुणीतरी ओढून ठेवायला हवं. ती ओढ येते टेंडनच्याच पातळीतल्या काँक्रीटमधून, भिंतीच्या जाडीच्या दिशेने. म्हणजे जी भिंत ओढ नको म्हणून आवळली, तिच्याच पोटात एका पातळीवर कायमची ओढ बसली.

त्यात त्या पातळीवर काँक्रीट सलग नाही. पाच इंचांहून मोठ्या नळ्या ओळीने गेलेल्या, मध्ये उरलेल्या काँक्रीटच्या फाळक्यांवर सगळा भार. आणि आतल्या थराला बाहेरच्या थराशी बांधणाऱ्या, जाडीच्या दिशेने आडव्या जाणाऱ्या सळया तिथे नव्हत्या. त्या काळच्या संहितेत तसा आग्रह नव्हता. खडी फ्लोरिडातला स्थानिक चुनखडक, मऊ. अशा खडीचं काँक्रीट दाबाच्या चाचणीत छान उत्तीर्ण होतं, पण एकदा भेग सुरू झाली की ती खडीला वळसा न घालता सरळ तिच्यातून जाते. भेगेला अडवणारं काहीच राहत नाही.

घुमटाने आधीच सांगितलं होतं

ही उणीव कुणालाच कधी दिसली नव्हती असं म्हणता येत नाही. एप्रिल १९७६ मध्ये, संच सुरू होण्याआधीच, याच कंटेनमेंटच्या घुमटात थर सुटल्याचं आढळलं. तेही तपासणीत सापडलं नाही, वरच्या पृष्ठावर अँकर बसवायला गेलेल्या कामगारांना ते धरेनात म्हणून कळलं. घुमटाचा वरचा थर जवळपास १०५ फूट व्यासाच्या भागात खालच्या काँक्रीटपासून वेगळा झाला होता. त्याच राज्यात, टर्की पॉइंट अणुप्रकल्पाच्या तिसऱ्या संचाच्या घुमटात १९७० मध्ये असंच घडून गेलं होतं.

तेव्हा कारणं शोधली गेली. जाडीच्या दिशेची ओढ, तिच्या जोडीला दोन्ही दिशांनी आवळल्याने कमी झालेली सहनशक्ती, उन्हाचा परिणाम, आणि थरांना बांधणाऱ्या सळयांचा अभाव. सुटलेला थर फोडून काढला, आडव्या सळया बसवल्या, वर नवं काँक्रीट ओतलं, दाब देऊन चाचणी घेतली, आणि १९७७ मध्ये संच सुरू झाला.

घुमट दुरुस्त झाला. भिंत तशीच राहिली, कारण भिंतीला काही झालेलं नव्हतं. घुमटाच्या दुहेरी वाकणीची आणि भिंतीच्या एकेरी वाकणीची गणितं वेगळी आहेत हे खरं, पण खडी तीच, ओतकाम त्याच लोकांचं, टेंडन तेच, आणि बांधणाऱ्या सळया दोन्हीकडे नव्हत्या. फाइलमध्ये घुमटाची नोंद 'मिटलेली बाब' म्हणून गेली असणार. कोणत्याही मोठ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही जागा ओळखीची वाटेल. दुरुस्ती यशस्वी झाली की तिचं कारण विस्मरणात जातं. अपयशी दुरुस्ती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

देखरेख काय पाहत होती

अशा कंटेनमेंटवर अमेरिकेत जी देखरेख चालते ती हलकी नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संहितेत काँक्रीटसाठी आणि अस्तरासाठी वेगवेगळे उपविभाग आहेत आणि १९९० च्या दशकात अमेरिकी अणुनियामक आयोगाने ते बंधनकारक केले. ठरावीक वर्षांनी निवडक टेंडनची लिफ्ट-ऑफ चाचणी होते: जॅक लावून अँकर जरा उचलतात आणि टेंडनमध्ये प्रत्यक्ष किती ओढ उरली आहे ते मोजतात. एखादी तार काढून प्रयोगशाळेत तोडून पाहतात. ग्रीसचा नमुना घेऊन त्यात पाणी किंवा क्षार शिरले का ते बघतात. काँक्रीटचा पृष्ठभाग डोळ्यांनी, लांबच्या उंच भागासाठी दुर्बिणीने तपासतात. कंटेनमेंटमध्ये हवा भरून गळती मोजतात.

टेंडनची ओढ वर्षांनुवर्षं कमी होत जाते, आणि तिची तीन कारणं आहेत: काँक्रीट सुकताना आकसतं, सतत दाबाखाली हळूहळू दबतं, आणि तार स्वतःही सैलावते. रचनाकारांनी या घटीचा अंदाज आधी बांधलेला असतो आणि लिफ्ट-ऑफचे आकडे त्या रेषेच्या वर आहेत ना, एवढं पाहिलं जातं. हे उत्तम शास्त्र आहे. फक्त ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: ओढ पुरेशी उरली आहे का? दहा इंच आत, त्याच ओढीमुळे भिंतीच्या पोटावर काय येतं आहे, हा प्रश्न त्या तक्त्यात नाही. गंमत अशी की लिफ्ट-ऑफचा आकडा जितका चांगला, तितकी त्या पातळीवरची ओढही जास्त.

याच चौकटीवर विसंबून डिसेंबर २००८ मध्ये संच चालवणाऱ्या प्रोग्रेस एनर्जी या वीजकंपनीने परवाना वाढवून मागितला. मूळ परवाना ३ डिसेंबर २०१६ ला संपणार होता. आणखी २० वर्षं हवी होती. जीर्णता व्यवस्थापनाचे कार्यक्रम अर्जासोबत जोडलेले होते. नवे स्टीम जनरेटर हा त्याच दीर्घायुष्याच्या बेताचा भाग. म्हणजे जीर्ण झाले होते ते जनरेटर, आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया होणार होती भिंतीवर.

सप्टेंबर-ऑक्टोबर २००९

कंटेनमेंटचं नेहमीचं मोठं दार नव्या जनरेटरना पुरणारं नव्हतं, म्हणून बे ३४ मध्ये वरच्या बाजूला सुमारे २५ फूट बाय २७ फुटांचं भोक पाडायचं ठरलं. अशी भोकं याआधी इतर अनेक संचांवर यशस्वीपणे पाडली गेली होती, आणि हे काम करणाऱ्या मोजक्या अनुभवी कंपन्या होत्या. प्रोग्रेसने मात्र प्रकल्प स्वतःच सांभाळायचा निर्णय घेतला. नंतर तिथल्या वृत्तपत्रांनी लिहिलं की त्यात सुमारे १.५ कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता.

भोक पाडण्याआधी तिथून जाणारे टेंडन सैल करावे लागतात. क्रिस्टल रिव्हरमध्ये कापण्याआधी २७ सैल केले, १० उभे आणि १७ आडवे. म्हणजे साधारणपणे भोकाच्या वाटेत येणारेच. मग अतिउच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने काँक्रीट फोडायला सुरुवात झाली. २ ऑक्टोबरला, झोत आत शिरत असताना, भोकाच्या कडेला भिंतीच्या पृष्ठाला समांतर जाणारी भेग दिसली. खोली बाहेरून नऊ-दहा इंच. टेंडनचीच पातळी.

आधी वाटलं असेल की कडेपुरतं आहे. मग भिंतीवर ठिकठिकाणी ठोका मारून तिचं कंपन मोजलं, शंका येईल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून भोकात कॅमेरा घातला. चित्र उभं राहिलं ते डमरूसारख्या आकाराचं: सुमारे ६० फूट रुंद, ८२ फूट उंच पट्ट्यात बाहेरचा थर आतल्या भिंतीपासून सुटला होता. पृष्ठावरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नव्हतं. दुर्बिणीतूनसुद्धा.

नियामक आयोगाने विशेष तपासपथक पाठवलं. कंपनीने बाहेरच्या विश्लेषकांना कारण शोधायला बसवलं. त्यांनी डझनावारी शक्यता एकेक करून तपासल्या. काँक्रीटच्या नमुन्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत भेग ताजी दिसली, तीस वर्षांत हळूहळू वाढलेली नाही. शेवटी सात घटक उरले: टेंडनमधली मोठी ओढ, जाडीच्या दिशेचा ताण, त्या वेळची संहिता, काँक्रीटची ताकद, खडी, टेंडन सैल करण्याची व्याप्ती आणि क्रम, आणि काँक्रीट फोडण्याची पद्धत. यातले पहिले पाच १९७७ पासून तिथेच होते आणि त्यांनी मिळून काही बिघडवलं नव्हतं. नवे होते ते शेवटचे दोन, आणि निर्णायक ठरवला गेला तो टेंडन सैल करण्याचा.

कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. एका चौकोनातले टेंडन सोडले आणि सभोवतालचे पूर्ण ताणलेले ठेवले, की सोडलेला भाग बाहेर सैलावतो आणि शेजारचा आतच दाबलेला राहतो. दोघांच्या सीमेवर भिंतीला अचानक वाकावं लागतं, आणि त्या वाकण्याचा भार नेमका नळ्यांच्या पातळीवरच्या फाळक्यांवर येतो, जिथे आधीच ओढ होती. जास्त टेंडन, जास्त विस्तारात, टप्प्याटप्प्याने सोडले असते तर हा बदल पसरला असता. 'कमी सोडू, कमी धोका' ही सहजबुद्धी इथे उलटी पडली. मला यातलं भयावह वाटतं ते हे की निर्णय बेफिकिरीचा दिसत नाही. गणित केलेलं होतं. पण ते गणित भिंतीला सलग, एकसंध वस्तू समजत होतं, आणि सलग वस्तूच्या पोटात थर सुटण्याचा प्रश्नच गणितात उमटत नाही.

दुरुस्तीची दुरुस्ती

पुढचं दीड वर्ष हिमतीचं होतं. आणखी बरेच टेंडन सैल केले, बे ३४ मधला सुटलेला थर काढून टाकला, या वेळी जाडीच्या दिशेने बांधणाऱ्या सळया घातल्या, नवं काँक्रीट ओतलं. नवे जनरेटर तोवर आत गेले होते. २०११ च्या सुरुवातीला टेंडन पुन्हा ताणायला घेतले. भिंतीवर संवेदक लावलेले होते, काँक्रीटच्या आत काही तडकलं तर त्याचा आवाज टिपणारे.

१४ मार्च २०११ रोजी, ताणण्याचं काम शेवटाकडे आलेलं असताना, संवेदक बोलू लागले. बे ५६ फाटला. दुरुस्त केलेला बे नाही. ज्याला कुणी हातही लावला नव्हता तो. बे ३४ मध्ये आता बांधणाऱ्या सळया होत्या, बे ५६ मध्ये १९७० च्या दशकातली मूळ भिंत होती, आणि पूर्ण वर्तुळ सैल करून पुन्हा आवळण्याचा खेळ तिला सोसला नाही. जुलैमध्ये बे १२ मध्येही थर सुटत असल्याच्या खुणा मिळाल्या.

या टप्प्यावर प्रश्नाचं स्वरूपच पालटलं. २००९ मध्ये 'एका भोकाभोवतीचं नुकसान' होतं. २०११ मध्ये कळलं की उरलेल्या प्रत्येक बेमध्ये तीच रचना आहे आणि कोणत्याही मोठ्या हालचालीला ती असंच उत्तर देऊ शकते. प्रोग्रेसने जूनमध्ये दुरुस्तीचा अंदाज ९० कोटी ते १३० कोटी डॉलर सांगितला.

जुलै २०१२ मध्ये ड्यूक एनर्जी ही दुसरी वीजकंपनी आणि प्रोग्रेस यांचं विलीनीकरण झालं. प्रोग्रेसचे बिल जॉन्सन संयुक्त कंपनीचे प्रमुख होणार हे ठरलेलं होतं, आणि विलीनीकरण पूर्ण झाल्यावर काही तासांतच त्यांना जावं लागलं. ड्यूकचे जिम रॉजर्स यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे संचालकांचा विश्वास का उडाला ते सांगताना क्रिस्टल रिव्हरचा उल्लेख केला. काँक्रीटच्या एका पातळीने एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख बदलायला हातभार लावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ड्यूकने स्वतंत्र अभ्यास करवून घेतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झालेला तो अहवाल म्हणतो की दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे: १४९ कोटी डॉलर, ३५ महिने. काम भिंतीपुरतं न राहता घुमटापर्यंत आणि तळाकडच्या भागापर्यंत पसरलं तर ३४३ कोटी डॉलर आणि ९६ महिने. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी ड्यूकने संच कायमचा बंद करत असल्याचं जाहीर केलं. परवानावाढीचा अर्ज मागे घेतला गेला. अणुप्रकल्पांच्या सामायिक विमासंस्थेकडून एकूण ८३.५ कोटी डॉलर मिळाले. उरलेल्या खर्चातला मोठा वाटा ग्राहकांवर आला. २०१६ मध्ये त्यासाठी सुमारे १२९ कोटी डॉलरचे रोखे काढले गेले, ज्यांची फेड वीजबिलांतून होते आहे. वाचवायचे होते दीड कोटी.

दुसरीकडे असंच, पण वेगळं

क्रिस्टल रिव्हरचा बे १२ फाटल्यानंतर तीन महिन्यांत, ऑक्टोबर २०११ मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पावर भट्टीचं झाकण बदलण्यासाठी बाहेरची संरक्षक इमारत कापली आणि तिथेही पृष्ठाला समांतर भेगा निघाल्या. या भिंतीत टेंडनच नव्हते, साधं सळईचं काँक्रीट. कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते जानेवारी १९७८ च्या हिमवादळाकडे: भिंतीवर पाणी रोखणारा लेप नव्हता, ओल आत शिरली, गोठली. तिथे भेग खरोखरच जुनी होती आणि तीन दशकं कुणाला दिसली नव्हती. ती सापडली तीही देखरेखीमुळे नाही, कापावं लागलं म्हणून.

दोन्ही प्रकरणांत दोष पृष्ठाला समांतर होता, आणि पृष्ठ पाहणारी तपासणी त्याबाबतीत आंधळी असते.

कैगा

आपल्याकडे हा धडा फ्लोरिडाच्या १५ वर्षं आधी, फार जवळ घडला. गोव्याची हद्द ओलांडली की कारवार, आणि तिथून आत काळी नदीच्या काठी कैगा. १३ मे १९९४ रोजी कैगाच्या पहिल्या संचाच्या आतल्या कंटेनमेंटचा घुमट, टेंडन ताणण्याचं काम चालू असताना, खालच्या बाजूने सुटला. शंभर टनांहून जास्त काँक्रीट आत कोसळलं. कामगार जखमी झाले. भट्टीत इंधन नव्हतं, म्हणून अणुअपघात म्हणून त्याची नोंद नाही, आणि बहुधा त्यामुळेच कारवार-गोव्याबाहेर हे फार जणांच्या स्मरणातही नाही.

तिथेही मूळ कारण त्याच घराण्यातलं: वळण घेत जाणारे टेंडन, त्यांच्या वळणामुळे घुमटाच्या जाडीच्या दिशेने येणारी ओढ, आणि ती झेलायला सळया अपुऱ्या. कैगाच्या घुमटात एक जास्तीची गुंतागुंत होती. आपल्या रचनाकारांनी स्टीम जनरेटर पुढे कधी बदलावे लागले तर भिंत फोडायला नको, म्हणून घुमटातच मोठी भोकं ठेवली होती. म्हणजे क्रिस्टल रिव्हरमध्ये ज्याची तरतूद नव्हती ती इथे पहिल्या दिवसापासून होती. पण त्या भोकांमुळे घुमटाची जाडी ठिकठिकाणी बदलत होती, टेंडनना वळसे घालावे लागत होते, आणि ताण नेमके तिथे जमत होते.

घुमट नव्याने आखला. जाडीच्या दिशेच्या सळया आल्या, मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) घातलेलं एम ६० या उच्च ताकदीच्या दर्जाचं काँक्रीट वापरलं. त्या काळात भारतात ते नवलाईचं होतं. राजस्थानातल्या तिसऱ्या-चौथ्या संचांच्या घुमटांचाही पुनर्विचार झाला. कैगाचा दुसरा संच मार्च २००० मध्ये आणि पहिला नोव्हेंबर २००० मध्ये व्यापारी उत्पादनात आला. तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राने ५४० मेगावॉट संचाच्या आतल्या कंटेनमेंटची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून ती हवेच्या दाबाने फुगवून पाहिली, आणि परदेशी संस्थांना आधी भाकितं करायला बोलावलं. पालघर जिल्ह्यातून जाताना फार थोड्यांना कल्पना असते की तिथे असंही एक कंटेनमेंट उभं आहे, जे मुद्दाम शेवटच्या टोकापर्यंत न्यायला बांधलं होतं.

आता आपले संच वयात येत आहेत, आणि आपल्या जड पाण्याच्या संचांत एक फरक आहे जो क्रिस्टल रिव्हरशी तुलना करताना विसरता येत नाही. आपल्याकडे टेंडनच्या नळ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ लगद्याने, भरतात. तार गंजापासून सुरक्षित राहते, एखादी तुटली तरी ग्राउट तिला जागेवर धरून ठेवतो. पण मग लिफ्ट-ऑफ चाचणी करता येत नाही. तारेत आज किती ओढ उरली आहे ते जॅक लावून विचारता येत नाही. फ्रान्समध्येही हीच पद्धत, म्हणून तिथल्या ईडीएफ या वीजकंपनीने पॅरिसजवळ एक तृतीयांश आकाराचं कंटेनमेंट बांधलं. भिंत तिप्पट पातळ, म्हणून ती नऊपट वेगाने सुकते, आणि खऱ्या संचाचं म्हातारपण आधी बघून घेता येतं. आपल्याकडे भिस्त आहे ती ओतकामाच्या वेळीच काँक्रीटमध्ये पुरलेल्या मापकांवर, गळती चाचण्यांवर आणि नमुन्यांवर. ग्राउट केलेला टेंडन सैल करणं ही गोष्टही सोपी नाही. कापला की तो आपल्याच लांबीत ओढ धरून राहतो. म्हणजे उद्या कुणाला भिंत उघडावीच लागली, तर फ्लोरिडाचा अनुभव जसाच्या तसा कामाला येणार नाही.

माझ्या मते क्रिस्टल रिव्हरनंतर जीर्णता व्यवस्थापनाच्या कोणत्याही कार्यक्रमात एक वेगळं प्रकरण हवं: 'या इमारतीला हात लावायचा झाला तर.' त्यात बांधकामाच्या काळातली प्रत्येक विचित्र घटना, दुरुस्त झालेली असली तरी, कारणासकट असावी. कोणत्या पातळीत कोणत्या दिशेला सळया नाहीत याचा नकाशा असावा, 'संहितेनुसार' असा शिक्का मारून मोकळं होऊ नये. खडीचा आणि काँक्रीटचा भेग रोखण्याचा गुण मोजलेला असावा. दाबाच्या चाचणीचे घन काढून ठेवलेत म्हणून निर्धास्त राहू नये. आणि आवाज टिपणारे संवेदक टेंडनला पहिला जॅक लावण्याआधी भिंतीवर असावेत. क्रिस्टल रिव्हरला त्यांची खरी किंमत २०११ मध्ये कळली, आणि तेव्हा त्यांनी आपलं काम चोख केलं.

याला खर्च आहे, आणि व्यवस्थापकाला तो पटवणं अवघड आहे, कारण तो अशा दिवसासाठी आहे जो कदाचित येणारच नाही. बहुतेक कंटेनमेंट कधीच कापली जाणार नाहीत. पण ज्यांच्यावर परवाना वाढवून देण्याची जबाबदारी आहे, त्यांनी अर्जात गळतीचे आणि लिफ्ट-ऑफचे आलेख मागण्यासोबत एवढं तरी विचारावं: पुढच्या २० वर्षांत या भिंतीत भोक पाडायचा तुमचा बेत आहे का, आणि असेल तर आधी काय-काय सैल करणार? क्रिस्टल रिव्हरच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर डिसेंबर २००८ मध्ये कंपनीकडे तयार होतं. काम दहा महिन्यांवर आलेलं होतं.

संचाचं विघटन आता वेगळ्या कंपनीकडे सोपवलं आहे. मूळ बेत तो २०७० च्या दशकापर्यंत तसाच बंद ठेवण्याचा होता. २०२० मध्ये तो बदलून काम बरंच आधी उरकायचं ठरलं.